आक्का, वर ढकलायचं नव्हतं

आक्का,

तुझ्या घरी मी अकरा दिवस ओरडतोय. पहिल्या दिवशी अंगणात ओरडलो. तिसऱ्या दिवशी नदीवरून परत आल्यावर ओरडलो. दहाव्याला लोक जेवायला बसले होते, तिथंही ओरडलो. वाक्य एकच. "मला कुणी कळवलं न्हाय." आता घसा बसलाय. काल दुकानात एक गिऱ्हाईक जुना ट्रॅक्टर बघायला आलं, त्याच्याशी मी इतकं हळू बोललो की त्याला वाटलं मालक नमला. त्यानं लगेच भाव पाडून मागितला. मला भांडायचाही कंटाळा आला. म्हटलं, उद्या ये.

इथल्या साप्ताहिकाचा संपादक ओळखीचा आहे. तो म्हणाला, आक्कांवर चार ओळी लिहून द्या, फोटोखाली टाकतो. चार ओळींत बसेना. तुझा जन्म, तुझं लग्न, तुझा देवभोळेपणा, तुझा सुगरणपणा हे सगळं दाजींनी पत्रिकेत छापलंच आहे. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. ते अर्धवट राहिलंय.

तुझं छातीचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. बेळगावच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं आणि तू "दिवाळी होऊ दे, बगू" म्हणून उठून आलीस. हे दाजींना माहीत होतं, तुझ्या संतोषला माहीत होतं, त्याची बायको स्मिता हिला माहीत होतं. बाळूला सांगायचं नाही, अशी तू तिघांना ताकीद दिलीस. का, तर बाळू जाऊन डॉक्टरशी भांडेल.

भांडलोच असतो. त्यात लपवण्यासारखं काय होतं? जगात कुणाचाही पहिला शब्द मी शेवटचा मानलेला नाही. बेळगावचा पटला नसता तर कोल्हापूरला नेलं असतं, कोल्हापूरचा पटला नसता तर मिरजेला. तुला उचलून गाडीत घातलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास, मी खाल्ल्या असत्या. माझ्या हातात एकच विद्या आहे, घासाघिशीची, आणि नेमकी ती लागणार होती तेव्हा तू मला बाहेर उभं केलंस. हा माझा राग आहे. तो खरा आहे. पुढं काहीही लिहिलं तरी हा राग मी मागं घेत नाही.

या दोन महिन्यांत मी तुझ्याकडे किती वेळा आलो? आठवड्यातून तीनदा तरी. चिकोडीला, कुठंही ट्रॅक्टर बघायला गेलो की चारच्या चहाला बोरगावात तुझ्याकडे. तू बाहेरच्या सोप्यात कॉटवर पाय लांब करून बसलेली, चष्मा नाकावर, हातात मोबाईल. गुडघे गेले आणि तुला खाली बसता येईना, तेव्हा स्मितानं तुझ्या फोनमध्ये तो खेळ घालून दिला होता. मी पहिल्यांदा बघितलं तो दिवस आठवतो.

"काय करतीस गं?"

"वड्या लावतोय."

मी वाकून बघितलं. चार आडव्या, चार उभ्या, सोळा घरं. त्यात आकडे लिहिलेले चौकोनी ठोकळे, कुठं पांढुरके, कुठं केशरी. तू त्यांना वड्या म्हणायचीस, कारण ताटात पाडलेल्या वडीसारखेच दिसायचे.

"ह्यात करायचं काय?"

"बोट फिरवायचं. सगळ्या वड्या त्या अंगाला सरकत्यात. दोनाला दोन भेटला की चार. चाराला चार भेटला की आठ. सारख्याला सारखं चिकटतंय. येगळं येगळं चिकटत न्हाय."

"आणि?"

"आणि दर टायमाला एक नवी वडी येती. जागा संपली, खेळ संपला."

"मग त्यात काय हाय एवढं?"

"काय न्हाय," तू म्हणालीस. "म्हणून तर खेळतोय."

मला ते उत्तर तेव्हा कळलं नाही. मी फोन हिसकावून घेतला आणि दोन मिनिटांत हरलो. पुन्हा खेळलो, पुन्हा हरलो. चहावर साय आली. तिसऱ्या खेळाला एकशे अठ्ठावीसवर अडकलो, आणि तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास. "बास. उद्याला थोडं ठेव." तुला माहीत होतं की मी उद्या येणार. गिऱ्हाईक कसं बांधून ठेवायचं, हे आपल्या घरात तुझ्यापेक्षा कुणाला चांगलं कळत नव्हतं.

त्यानंतर आपला ठराव झाला. एकच फोन, एक चाल तुझी, एक चाल माझी. दोन हजार अठ्ठेचाळीसची वडी करून दाखवायची, मग पेढे. ती वडी आपल्याच्यानं कधी झाली नाही.

मी त्या खेळाला का चिकटलो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. पन्नाशी ओलांडलेला माणूस, निपाणीत ज्याच्या दुकानासमोर बारा ट्रॅक्टर उभे असतात, तो बहिणीच्या कॉटवर बसून आकडे सरकवतो. पण आक्का, माझा दिवस कसा जातो तुला माहीत आहे. सकाळपासून इंजिनं धडधडतात. माणसं देवाची, पोराची शपथ घेऊन खोटं बोलतात. मी पण बोलतो. हात तेलकट, कानात आवाज, आणि प्रत्येकाला घाई. आज देतोस का, आत्ता सांग, न्हायतर दुसरीकडं जातो. तुझ्या सोप्यात आलो की त्या सोळा घरांत काहीच आवाज नसायचा. घड्याळ नाही, राक्षस नाही, गोळीबार नाही, कुणाला मारायचं नाही. खाली ठेवला तर ठेवला तिथंच थांबायचा. तू मधेच उठून दूध उतरवायला जायचीस, परत यायचीस, वड्या जशाच्या तशा. माझ्या आयुष्यात माझी इतकी वाट बघणारं दुसरं काही नव्हतं. एक तू होतीस, ते सोडून.

आणि त्याच खेळानं माझं डोकं फिरायचं. समोर माणूस असला की मला त्याचा डोळा दिसतो. भाव ऐकल्यावर पापणी हलली का, तोंडातली तंबाखू थुंकायला वळला का, यावरून मी सांगतो की किती खाली येईल. इथं समोर कुणीच नाही. जिथं चार पाहिजे तिथं हा खेळ दोन टाकतो. ज्या घरात पडू नये त्याच घरात पडतो. मी म्हणायचो, "ह्यो गेम चोर हाय. बघून बघून टाकतोय."

"बघत न्हाय रं बाळू."

"मग नेमकं तिथंच कसं पडलं?"

"पडलं. त्याला तू ठाऊकबी न्हाईस."

हे तू किती सहज बोललीस. मला मात्र झोंबलं. माझ्यावर डाव धरणाऱ्याशी मी लढू शकतो. ज्याला मी ठाऊकच नाही, त्याच्याशी काय बोलू? कुठं अडून बसू? हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो नशीब, तू म्हणायचीस जागा. "नवी वडी कुठं पडंल ते आपल्या हातात न्हाय. पडायला जागा किती ठेवायची, ती हातात हाय." पेपर वाचणारे दाजी वैतागून म्हणायचे, "साकु गं, बास झालं आता, ह्या भाऊ-भैनीचं काय संपत न्हाय." आणि पेपर उचलून मागच्या परड्यात जायचे.

तुझी पद्धत एकच. सगळ्यांत मोठी वडी खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिच्या शेजारी तिच्याहून लहान, मग त्याहून लहान. बोट फक्त डावीकडं आणि खाली. अगदीच अडलं तर उजवीकडं, आणि लगेच परत. वर कधीच नाही. "वर ढकलायचं न्हाय" हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की रस्त्यावर पोराला सायकल शिकवणाऱ्या बापासारखी वाटायचीस. कारण वर ढकललं की मोठी वडी कोपरा सोडते, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात एक फुटकळ दोन येऊन बसतो. मग तो दोन तिथून हलत नाही. सगळं बांधलेलं त्याच्यावर अडकून पडतं.

माझी पद्धत तुला माहीतच होती. जे दोन सारखे दिसले ते चिकटव. आत्ता. पुढचं पुढं.

तू मला सौदा शिकवलास ते मी कुठंही सांगतो, अभिमानानं सांगतो. मी आठ वर्षांचा, तू चौदाची. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, आणि आठवड्याचा बाजार तुझ्या डोक्यावर. मला शाळेसाठी चप्पल घ्यायची होती. चप्पलवाल्यानं भाव सांगितला. तू हसलीस, चप्पल खाली ठेवलीस, माझं मनगट धरलंस आणि चालू लागलीस. मी मागं वळून बघणार तेवढ्यात मनगट पिरगळलंस. "मागं बघितलंस की मेलास. चाल. बोलवतंय बघ." सात-आठ पावलं झाली असतील. मागून हाक आली, "ए पोरी, थांब की." तू लगेच थांबली नाहीस. आणखी दोन पावलं टाकलीस.

त्या दोन पावलांवर मी सगळा धंदा उभा केला. उठून जायचं. मागं बघायचं नाही. पहिला तोंड उघडेल तो हरला. निपाणीच्या बाजारात मी उठलो की लोक हसतात, म्हणतात, बाळासाब गेले, आता बोलवा. आणि बोलावतात.

ही सवय दुकानात ठेवायची होती, ती मी घरी नेली. बायकोशी वाजलं की मी उठून दुकानात, ती जेवायला फोन करेपर्यंत परतायचं नाही. तुझ्याशीही तेच. वर्षाला दोन-तीनदा आपलं भांडण व्हायचं, मी तुझ्या दारातून तडक निघायचो, आणि तिसऱ्या दिवशी तुझा फोन यायचा. त्यात माफी नसायची, समजूत नसायची. "कटाची आमटी केलीया. गार व्हायच्या आत ये." मी यायचो, दोन वाट्या ओरपायचो, आणि मीच जिंकलो असं समजून ढेकर द्यायचो. इतकी वर्षं तू मला बोलावत राहिलीस आणि मी त्याला माझा हिशेबीपणा समजत राहिलो.

आता तो दिवस.

अकरा दिवस आपण एकच खेळ चालवत होतो. कोपऱ्यात एक हजार चोवीस. शेजारी पाचशे बारा, मग दोनशे छप्पन्न, मग एकशे अठ्ठावीस. तू दम धरून बसली होतीस. मी आलो तेव्हा चिकोडीत एक सौदा फिसकटला होता, डोकं तापलेलं होतं. तू नेहमीसारखा चहा केला नाहीस. स्मितानं केला. मी विचारलंही नाही की आज तू का उठली नाहीस.

चाल माझी होती. वरच्या बाजूला दोन चौसष्ट एकाखाली एक उभे होते. मधे काही नाही. नुसतं ढकललं की एकशे अठ्ठावीस. खाली ढकलता येत नव्हतं का? येत होतं. तसेही ते चिकटले असते, पण वड्या वर होत्या आणि बोटही वरच निघालं होतं. तू म्हणालीस, "डावीकडं घे. थांब जरा." मी वर ढकललं.

चौसष्टला चौसष्ट चिकटले. आणि एक हजार चोवीस एक घर वर सरकला, आणि त्याच्या खाली, त्या कोपऱ्यात, दोन येऊन बसला.

तू बोट मागं घेतलंस. मी खाली ढकललं, डावीकडं, उजवीकडं, तुझीही चाल मीच केली, पुन्हा खाली. वीस-पंचवीस चालींत सोळाही घरं भरली. अकरा दिवसांचं सगळं गोठून उभं राहिलं, दोन सारखे शेजारी नाहीत.

मी म्हणालो, "चोर साला!"

तू म्हणालीस, "गेमला काय शिव्या देतोस? तुला जे दिसंल ते लगेच पायजे. ल्हानपणापासनं तसंच."

बस, एवढंच. याहून कडू तू मला हजारदा बोलली असशील. पण मी चिकोडीचा राग, खेळाचा राग, सगळा तुझ्यावर काढला. मी म्हणालो, "तुला काय जातंय? आयतं बसून खायाचं आणि दिवसभर वड्या ढकलायच्या. आमच्यासारखं राबून बघ, मग शिकीव."

आक्का, हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिले. दाजी परड्यात होते, त्यांनी ऐकले नाहीत. स्मितानं ऐकले. तू चष्मा काढलास, पदरानं पुसलास आणि पुन्हा घातलास. जिच्या जिवावर मी शाळेत गेलो, जी चौदाव्या वर्षी बाजार डोक्यावर घेऊन चालायची, तिला मी आयतं खाणारी म्हणालो. आणि त्या दिवशी तुला उठून चहा करता येत नव्हता.

मी उठलो. चप्पल घातली. फाटकापर्यंत नेहमीच्या चालीनं गेलो, मोटारसायकलला किक मारायला जरा जास्तच वेळ लावला. हाक आली नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी दुकानात फोन समोर ठेवून बसलो होतो. चौथ्या दिवशी नाही. बायको म्हणाली, "एकदा तुम्हीच करा की. ल्हान भाऊ तुम्ही हाय." मी म्हणालो, "करंल ती. न करून जातीया कुठं?" पाचव्या दिवशी मला तुझाच राग यायला लागला. तूच शिकवलंस की जो आधी बोलेल तो हरतो, आणि आता माझ्यावरच वापरतेस? सहाव्या दिवशी मी स्वतःला समजावलं की थांबणं मला येतं. अडून बसणाऱ्या कितीतरी लोकांना मी थांबून थांबून वाकवलंय. तुला वाकवायला निघालो होतो मी.

आठव्या दिवशी सकाळी संतोषचा फोन आला. तो बेळगावहून बोरगावला निघाला होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

मी आलो तेव्हा तुला सोप्यात खाली घेतलं होतं. मी अंगणात बसलो आणि ओरडायला लागलो. आठ दिवस ती आजारी पडून होती आणि मला कुणी कळवलं न्हाय! दाजींवर ओरडलो. त्यांनी नुसते हात जोडले. मग स्मितावर ओरडलो. "तू घरात होतीस न्हवं? एक फोन करता आला न्हाय तुला?" ती दाराला टेकून उभी होती. मान खाली. लोकांनी ते बघितलं. तुझी नणंद तिथंच बोलून गेली, "शाळंत मास्तरीण हाय म्हणं. एवढी शिकून सख्ख्या भावाला कळवायची अक्कल न्हाय." दहाव्याला तर पंगतीत उघड चर्चा होती. भावाची आणि बहिणीची शेवटची गाठ सुनेनं पडू दिली नाही. कुणी कुणी म्हणालं, मुद्दाम. मी ते ऐकलं. माझ्या पानात वाढणारी तीच होती. तिनं मला भात वाढला, वर आमटी घातली आणि पुढं गेली.

दाजी फार थकलेत. परवा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि तुझा फोन हातात दिला. "तूच ठेव बाबा. मला ह्यातलं काय कळत न्हाय." मी उघडला. तू नवा खेळ मांडला होतास. कोपऱ्यात पाचशे बारा, शेजारी दोनशे छप्पन्न, ओळ कशी दोरी लावल्यासारखी. मी काही न करता बघत बसलो, तेव्हा दाजी म्हणाले, "त्या आठ दिवसांत झोपूनच खेळायची. एक चाल करायची आणि थांबायची. मी म्हणायचो, खेळ की. तर म्हणायची, आता त्याची हाय. मग जरा येळानं तुझीबी तीच करायची."

मी विचारलं, "माझी चाल कशी करायची?"

दाजी म्हणाले, "म्हंजे?"

त्यांना काय विचारतोय हे कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. माझ्या वाटणीला आलेल्या चाली तू तुझ्या शहाणपणानं खेळलीस की माझ्यासारख्या, घाईनं? ओळ बघता वाटतं, तुझ्याच शहाणपणानं. तू माझ्या नावानं नीट खेळत होतीस. मी तो फोन खिशात घातला आणि परड्यात जाऊन बसलो. तू लावलेल्या शेवग्याखाली. इतकी वर्षं मी तिथं कधी बसलोच नव्हतो, नेहमी घाई. तुझे आभार कसे मानायचे हे मला कुणी शिकवलं नाही, तूही नाही. भाव कमी करून घेतल्यावर आपण दुकानदाराचे आभार मानत नाही. तसा मी तुझ्याकडून घेत गेलो.

आता ते लिहितो जे अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

स्मिताचा फोन आला होता. सातव्या दिवशी. तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी, तीन वाजले असतील, मी दुकानात होतो, जेवून नुकताच बसलो होतो. ती म्हणाली, "मामा, आईंना बरं न्हाय. आज येऊन जावा." मी विचारलं, "तिनं सांगितलं का तुला, बोलीव म्हणून?" ती खोटं बोलली असती तर मी निघालो असतो, आक्का. नक्की निघालो असतो. पण ती म्हणाली, "न्हाय. मीच करतोय." तेव्हा मी म्हणालो, "मग तिला कर म्हणावं. हात मोडलाय काय तिचा?" आणि फोन ठेवला.

काल मी बोरगावला गेलो. स्मिता सोप्यात पोरांच्या वह्या तपासत बसली होती. मी समोर बसलो. कसं सुरू करायचं कळेना. मी आधी बोललोय कधी? शेवटी म्हणालो, "तू कुणाला सांगितलं न्हाईस."

तिनं लाल पेन खाली ठेवलं. "काय सांगू मामा? तुम्ही अंगणात पडून रडत होता. तवा कसं सांगायचं?"

"आणि नंतर? लोक तुला एवढं बोलत होते तवा?"

"नंतर वाटलं, तुम्हीच सांगाल."

तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. वही मिटून तिनं बाजूला ठेवली, दुसरी उघडली. मग त्या वहीकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी आईंनी इचारलं होतं, कुणाला फोन केलतीस. मी म्हणालो, मामांना. उद्या येतो म्हणालेत."

मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"हसल्या. म्हणाल्या, न बोलवता येतोय व्हय? म्हातारा झाला वाटतं बाळू. मग मला म्हणाल्या, उद्या डाळ शिजाय घाल, कट करू या. आणि कुशीवर वळल्या."

आक्का, मी उद्या येतो म्हणालो नव्हतो. तू ज्या भावावर हसलीस तो भाऊ त्या दुपारी दुकानात पाय पसरून बसला होता, तू वाकायची वाट बघत. जाताना तुझ्याजवळ एक चांगली खोटी गोष्ट होती आणि ती मी आज इथं मोडतोय. मला हे करायचं नव्हतं. चार ओळींत तुझा सुगरणपणा लिहून मी सुटलो असतो, लोकांनी आणखी महिनाभर स्मिताला नावं ठेवली असती, मग विसरले असते. ती विसरली नसती. तिनं मला आयुष्यभर भात वाढला असता आणि काही बोलली नसती.

म्हणून हे अख्खं पान घेतलं. दाजी वाचतील, संतोष वाचेल, तुझ्या नणंदेला कुणीतरी वाचून दाखवेल. पंगतीत बसलेल्या सगळ्यांनी वाचावं. स्मितानं फोन केला होता. सातव्या दिवशी, दुपारी तीनला. मी तो उचलला होता. निपाणीहून बोरगावला यायला अर्धा तास लागतो.